कानातली जागा

झरीटोला, ता. धानोरा
दि. १५ फेब्रुवारी २०२६, रविवार, महाशिवरात्र

चि. दिव्यानी,

बाबाचा आशीर्वाद. तो घ्यायचा की नाही, हे पत्र वाचून झाल्यावर ठरव.

इकडे सगळे बरे आहेत. काळ्या शेळीला दोन पिल्लं झाली, एक पाठ आणि एक बोकड. मागच्या खोलीची कौलं वानरांनी पुन्हा उचकली. रोशनरावांचा खोकला कसा आहे? कोरपन्याच्या त्या सिमेंटच्या धुळीत रुमाल बांधून कामावर जा म्हणावं, लाजू नका. पोरीचे दात आले का, ते कळव.

आज टोल्यात कोणी नाही. सगळे गाडी करून मार्कंड्याच्या जत्रेला गेले. गुणाबाई दारात येऊन ओरडली, "लच्छू, तू काऊन नाई येत रे?" मी म्हणालो, पाय दुखते. तर म्हणते, "पाय दुखते का तोंड लपवते?" आणि हसत हसत गाडीत चढली. तिने चेष्टा केली. मी मात्र बराच वेळ दारातच उभा राहिलो.

फोन केला असता. पण फोनवर तू "बोला" म्हणतेस, मी "जेवली का" विचारतो, आणि पुढे दोघंही नुसते श्वास ऐकत बसतो. कागदावर मला बरं जमतं. हात कागदाला लागला की माझी बोली चप्पल घालून चालायला लागते, असं तू लहानपणी म्हणायचीस आणि आईला माझी नक्कल करून दाखवायचीस. आठवते का? अयूबभाईचा बाप टोल्यात सोनं घ्यायला यायचा तेव्हा कण जुन्या पेपरच्या पुडीत बांधून न्यायचा. उरलेले पेपरचे तुकडे मी मागून घ्यायचो. त्यावरच शिकलो. शाळा मी बाहेरून पाहिली, ती पण रंग द्यायला गेलो तेव्हा. टोल्यातला लिहिणारा माणूस मी एकटा, आणि त्याचा मला किती ताठा होता हे तुझ्या आईइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

आईच्या तेरवीच्या दिवशी तू मला एक गोष्ट विचारलीस. "बाबा, आई त्या दरडीखाली काऊन गेली होती? तिथं तर कोणीच नाई जात." मी म्हणालो, तिचं नशीब, आणि शेळीला पाणी पाजायला उठलो. शेळीसमोर पाणी होतंच. मग एसटीत बसल्यावर खिडकीतून तू म्हणालीस, "माझ्यावर रागावूनच गेली असन ती. मी तिचं ऐकलं नाई ना." गाडी सुटली. मी हात हलवला.

दोन महिने झाले त्या गोष्टीला. तू तसंच समजून बसली असशील. म्हणून आज लिहायला बसलो.

तू जे ऐकलं नाहीस म्हणतेस, ते मी जाणतो. लग्नाच्या आदल्या दिवशी, हळद लागल्यावर, आईने तुला नदीवर नेलं होतं. आपल्या टोल्यात प्रत्येक बाईची नदीत एक जागा असते. पुराने आणलेली रेती तिथे साचते, ती काठवटीत घेऊन पाण्यात गोल गोल फिरवायची. पांढरी रेती वाहून जाते, काळी उरते, आणि त्या काळीत मोहरीच्या टरफलाएवढा कण चमकतो. ही जागा बाई दुसऱ्या बाईला कानात सांगते. सासू सुनेला, नाहीतर आई लेकीला. घरात बोलायची नाही, नवऱ्याला सांगायची नाही. आपल्याला मुलगा नाही, म्हणून सून नाही. म्हणून ती तुझ्या कानाशी आली, आणि तू कान काढून घेतलास आणि हसलीस, "मले नाई पायजे तुझी रेती, मी सिमेंटवाल्याची बायको होणार हाये."

बाई, त्याचा तिला राग नव्हता. घरी येऊन मलाच म्हणाली, "कान काढून घेतला पोरीनं. गुदगुल्या झाल्या असन." आणि हसली. हे खरं आहे, तुझं मन राखायला लिहीत नाही.

ती दरडीखाली गेली ते माझ्यामुळे.

लिहून टाकलं एकदाचं. आता पाणी पिऊन येतो.

मागच्या उन्हाळ्याच्या शेवटी अयूबभाई टोल्यात आले. बापासारखेच तेही गडचिरोलीहून येतात, फक्त आता मोटारसायकलवर. मोबाईल काढून म्हणाले, "लच्छूभाऊ, मुबारक हो, तुमची काठवट आता खाण झाली." नवीन नियमांचा मसुदा निघाला होता. नदीपात्रात हाताने का होईना, पण खनिज शोधणाऱ्या प्रत्येकाला परवाना लागणार. दरवर्षी फी, आणि ती फी अशी की एका बाईने पाऊस संपल्यापासून होळीपर्यंत रेती धुतली तरी भरायची नाही. जागेचा नकाशा लागणार, चार कोपऱ्यांच्या आकड्यांसहित. परवाना नसेल तर काठवट जप्त. कोणाची हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी द्यायची.

टोला माझ्या दारात जमला. चैतू म्हणाला, "लच्छूबाबा, लिव्हा. अशी लिव्हा का सायेब खुर्चीवरून उठला पायजे." मी तीन दिवस लिहिली. त्यात एक वाक्य होतं: "नदी दरवर्षी कूस बदलते, मागच्या वर्षीचा कोपरा यंदा पाण्याखाली असतो, तर नकाशा आम्ही साहेबांना दाखवायचा की नदीला?" वाचून दाखवलं तेव्हा लोक मांडीवर थापा मारून हसले. मी ते वाक्य दोनदा वाचलं. तुझी आई चुलीपाशी होती, ती हसली नाही. म्हणाली, "चांगलं हाये. पण लांब हाये."

हरकत द्यायला गेलो तर ऑफिसात एक तरुण कारकून होता. भला पोरगा, मला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. हरकत वाचून म्हणाला, "काका, भाषा जबरदस्त आहे. पण याच्यात वहिवाट कुठंय? कोणत्या जागी कोणाचं घर किती पिढ्या धुतं, अशी यादी जोडा. वहिवाटीला सूट मिळू शकते." मिळू शकते, म्हणाला. मिळेल नाही म्हणाला. मी अक्षर अक्षर लावून वाचणारा माणूस, आणि एवढं एक 'शकते' माझ्या कानातून निसटलं.

यादी करायची म्हणजे बायकांनी जागा सांगायच्या. आधी कोणी तयार होईना. मी दारोदार गेलो, समजावलं, की जागा वाचवायलाच जागा सांगायची आहे. गुणाबाई म्हणाली, "माझ्या सासूनं मरता मरता सांगितली होती, अन् तू चहा पिता पिता मांगते?" पण दोन दिवसांनी तीच आधी आली. "पेन तिकडं ठेव. आधी कान इकडं कर." कानात सांगितलं, आणि मग मी लिहितो का हे पाहायला उभी राहिली. तिला वाचता येत नाही, तरी माझ्या हाताकडे पाहत राहिली. असं करत अकरा घरांच्या अकरा जागा झाल्या.

बारावं घर आपलं.

तुझी आई म्हणाली, "माझी नका लिव्हू."

मी म्हणालो, अवं, सूट मिळते.

"अकरा झाल्या ना? त्येच्यावर भागवा. ते जागा माझी नाई, तुमच्या मायची हाये. अन् आता दिव्यानीची. पोरीले सांगाची राह्यली हाये अजून."

मी गप्प बसलो. तिला वाटलं, मी ऐकलं.

तिची जागा मला माहीत नसायला पाहिजे होती. पण अडतीस वर्षांच्या संसारात माणसाला काय माहीत होत नाही? एकदा तिला ताप होता आणि काठवट नदीवरच राहिली होती. मी आणायला गेलो, आणि कळलं. तिला कधी बोललो नाही. तिलाही ठाऊक असेल की मला ठाऊक आहे. पण ते न बोलणं आमच्यात एखाद्या झाकलेल्या गाडग्यासारखं होतं. ती झाकण काढत नव्हती, मी काढत नव्हतो.

यादी पक्की करायला बसलो, आणि मला वाटलं, लिहिणाऱ्याच्याच घरची जागा नाही तर साहेब काय म्हणेल? लोकांच्या सांगितल्या आणि स्वतःची लपवली म्हणेल. असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण एवढं मोठं नव्हतं. टोल्याचा पुढारी मी, तर यादीत पहिलं नाव माझ्या घरचं पाहिजे, बस. तुझी आई सरपणाला गेली होती. मी चांगल्या अक्षरात लिहिलं: "क्र. १. जाभळीखालचा खडक, बुधरी लच्छू यांचे घर, चार पिढ्या." जांभळीवरचा अनुस्वार सुटला. माझा कुठेतरी एखादा सुटतोच. ज्या कागदांवर मी शिकलो त्यांच्यावरचे ठिपके पुसट असायचे, कुठे द्यायचे ते आजही मला दोनदा पाहावं लागतं.

यादी दिली. पोच घेतली. पोच मी देवाच्या फळीवर ठेवली.

दिवाळीच्या आधी नियम पक्के झाले. फी तीच. नकाशा तोच. सूट नाही. मात्र शेवटी एक जोडपत्र होतं, ज्ञात जागांचं, आणि त्यात बारा जागा. अयूबभाईंच्या मोबाईलवर मी ते वाचलं आणि पहिल्याच ओळीत थांबलो. 'जाभळीखालचा खडक'. अनुस्वार नव्हता. बाई, माझी चूक छापून आली होती.

मग कोणी बाहेरचा माणूस आला. मी त्याला अजून पाहिलेलं नाही. त्याने आपल्या बारा माणसांच्या नावांवर बाराही जागांचे परवाने एका दिवसात काढले. जागा शोधायची तसदी त्याला पडलीच नाही, ती मी आधीच घेतली होती. पूर उतरून नवी रेती बसली, आणि बायका काठवटी घेऊन गेल्या तर तिथे लोखंडी बोर्ड आणि एक चौकीदार. पहिल्या दिवशी सगळ्या बोर्डासमोर उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, वाच. मी दोन नंबरपासून वाचलं. तुझी आई मागे उभी होती. म्हणाली, "पयलं काय हाये?"

मी म्हणालो, "सरकारी आकडा हाये."

चार-पाच दिवस तिला कळलं नाही. आपली जागा यादीत नाही या भरवशावर ती आपल्या खडकावर गेली. चौकीदाराने उठवलं. वादावादी झाली असेल, ती घरी येऊन काही बोलली नाही. भाकर टाकली, ताटात वाढली, आंबाडीची भाजी होती. मी पहिला घास घेतला तेव्हा म्हणाली,

"तुमचं अक्षर लय सुंदर हाये म्हणे. तो चौकीदार म्हनत होता, यादी करणाऱ्यानं एकदम बराबर पत्ता लिव्हला, खडकावर आणून सोडलं मले."

बस. एवढंच. भांडली असती तर मी पाया पडलो असतो. तिने मला ती जागाच ठेवली नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी घरातल्या कामापुरतं बोलली. मीठ संपलं, शेळी सुटली, असं.

बारा जागा गेल्या. फी कोणाची भरणार? श्रीहरीच्या सुनेची काठवट जप्त झाली. बायका दुसऱ्यांच्या धानावर मजुरीला जायला लागल्या. तुझी आई पलीकडच्या काठाला जायला लागली, त्या पोखरलेल्या दरडीखाली. ती जागा कोणाचीच नाही, कारण ती दरड कधीही येते हे पोरासोरांनाही माहीत आहे. ती कोणाची नाही म्हणूनच माझ्या यादीत नव्हती. आणि यादीत नव्हती म्हणूनच तिच्यावर बोर्ड नव्हता. आता समजलं तुला, काऊन गेली ते?

तिला जाताना मी पाहिलं आहे. एक दिवस नाही, सहा दिवस. काठवट डोक्यावर, पदर खोचलेला, वळणावरून डावीकडे न जाता सरळ पाण्यात उतरायची. "तिकडं जाऊ नको" एवढंच म्हणायचं होतं. लहान पोरही म्हणेल. पण ते म्हटलं असतं तर ती मागे वळून म्हणाली असती, "मंग कुठी जाऊ?" त्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. म्हणून मी पाहत राहिलो. टोल्यात कोणाला हे माहीत नाही. लोक माझी कीव करतात, गुणाबाई घरून भाजी आणून देते, आणि मी खातो.

तीन डिसेंबरला दरड आली. चैतू आणि बिरजूने हातांनी रेती उपसून तिला काढली. हे तुला सांगितलं होतं. "रस्त्यातच गेली, काही बोलली नाही," असंही मी सांगितलं होतं. ते खोटं आहे. ती बोलली.

दवाखान्याकडे नेताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तोंडात रेती होती, ती मी दुपट्ट्याच्या टोकाने काढत होतो. डोळे उघडे होते. तिने हात वर केला, मला वाटलं पाणी मागते. तर तिने माझा कान धरला. लहान पोराचा धरतात तसा, घट्ट, आणि खाली ओढला. मला कळलं ती काय करणार आहे. मी म्हणालो, "मले नको सांगू बुधरी, मले नको सांगू, मी त्या लायकीचा नाई." तिने सोडला नाही. चार शब्द सांगितले. मग म्हणाली, "दिव्यानीले." नाक्याच्या अलीकडे हाताची पकड सुटली.

तो जाभळीखालचा खडक नव्हता. दुसरी जागा होती. मला माहीत नव्हती, म्हणजे गाडग्यात अजून एक गाडगं होतं. तुला हळद लागली त्या दिवशी तिला कोणती सांगायची होती, ती की ही, ते मला ठाऊक नाही. ज्या माणसाने तिची एक जागा सगळ्या सरकारला वाचून दाखवली, त्याच्याच कानात तिला दुसरी टाकावी लागली, कारण ट्रॉलीत दुसरा कान नव्हता. तिने माझ्यावर भरवसा ठेवला असं मी समजत नाही. तिला दुसरा इलाज नव्हता.

तेव्हापासून मी नदीकडे गेलो नाही. त्या बाजूला नुसतं पाहिलं तरी चौकीदाराला कळेल असं वाटतं.

आता पुढचं ऐक. या नियमांवर पुष्कळ ठिकाणाहून ओरड झाली, म्हणून नऊ मार्चला सुनावणी ठेवली आहे. फी कमी करा, हाताने धुणाऱ्यांना वगळा, असं टोल्याचं म्हणणं मांडायचं आहे. लोक पुन्हा मलाच म्हणतात, लच्छूबाबा, लिव्हा. अयूबभाईंची नाहीद वकिलाकडे टायपिंग करते, तिला मी सगळं सांगितलं. तुझ्याआधी तिला सांगितलं, त्याचं वाईट वाटून घेऊ नको, परक्याला सांगणं सोपं जातं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "काका, बारापैकी एक जागा बाईच्या मनाविरुद्ध लिहिली, आणि अकरा सूट मिळेल असं सांगून घेतल्या, हे तुम्ही स्वतः उभं राहून सांगितलं तर यादीवर बोट ठेवता येईल. यादी पडली तर परवान्यांवरही बोलता येईल. होईलच असं नाही. पण मग टोल्यात तुम्हाला कोण उभं करेल?"

या वेळी मी 'येईल' आणि 'होईलच असं नाही' दोन्ही नीट ऐकलं. भरवसा काही नाही. तरी मी उभा राहणार आहे. कागद न घेता जाणार. तोंडाने सांगणार, जसं येईल तसं.

उद्या संध्याकाळी मार्कंड्याहून गाडी परत येईल. गुणाबाई प्रसाद माझ्या हातावर ठेवायला येईल. तो घ्यायच्या आधी मी तिला आणि सगळ्यांना अंगणात बसवून हे सांगणार आहे, सहा दिवसांचंही. मग ती प्रसाद देते की नाही, ती जाणे. तुला त्यांच्याआधी सांगावं म्हणून आज लिहिलं. पत्र पोहोचेपर्यंत इकडे जे व्हायचं ते झालेलं असेल.

तुझ्याकडे एकच मागणं. सुनावणीच्या आधी एक दिवस ये. माझ्याशी बोलू नको वाटलं तर बोलू नको, घरात पाणी पिऊ नको वाटलं तर गुणाबाईकडे उतर. नदीवर जा असंही मी म्हणत नाही. रेती धुणं तुझ्या नशिबी यावं असं तुझ्या आईलाही वाटत नसेल. पण तिने एक वस्तू माझ्याजवळ ठेवली आहे, ती तुझी आहे, आणि तिचं ओझं मला झेपत नाही. मी सत्तरीला आलो. माझ्याबरोबर ती गेली तर मी तिची दुसरी चोरी केली असं होईल.

तुला वाटेल, चारच तर शब्द आहेत, बाबा एवढं लांबलचक लिहितात तर तेवढेही लिहून टाकायचे. पेन हातात आहे, जागाही शिल्लक आहे कागदावर. नाही लिहिणार, बाई. तू ये, आणि कान दे. या वेळीही काढून घेतलास तर मी तुला हाक मारणार नाही.

पोरीच्या गालाला हात लाव माझा म्हणून.

तुझ्या आईची जागा लिहून देणारा
आणि तुझी न लिहिणारा,
तुझा बाबा
लच्छू